एका डोळ्याचा रखवालदार

मी एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. पाइनच्या लाकडाचा, विटेएवढा, पण विटेपेक्षा देखणा. सध्या माझा मुक्काम एका राळ-कारखान्याच्या दाराशी असतो. वारा सुटला की दार आपटतं, म्हणून मला त्याच्या पायाशी टेकवून ठेवलंय. येणारा-जाणारा मला पायानं सरकवतो. कुणी ठेचकाळलं तर शिव्या मलाच. माझ्या अंगावर एक चेहरा कोरलाय. बसकं नाक, तिरकं तोंड आणि एकच डोळा. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसतं सपाट लाकूड. लहान मुलं तिथं बोट लावून विचारतात, "याचा हा डोळा कुठं गेला?" घरातली मोठी माणसं मात्र तिथं बोट लावत नाहीत.

का लावत नाहीत, ते सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या पोटात कोण कोण नांदून गेलंय ते ऐकल्यावर तुमच्या पोटात गोळा येईल. मग माझ्या नावानं ओरडायचं नाही.

ठोकळा होण्याआधी मी झाड होतो. उंच, ताठ आणि खरं सांगायचं तर थोडा शिष्ट. माझ्या अंगात बारीक बारीक नळ्या होत्या आणि त्यांतून चीक वाहायचा. कुणी किडा साल कुरतडायला आला की मी चीक सोडायचो. त्याचे पाय चिकटायचे, मग तोंड चिकटायचं, आणि मग साहेब तिथंच बसायचे जन्मभर. मला त्यात भारी मजा यायची. माझ्या वाटेला कोण जातंय, अशी घमेंड होती मला.

मग एका उन्हाळ्यात एक भुंगेरा आला. तपकिरी, ठिपकेदार, मिशा अंगापेक्षा लांब. माझ्या शेंड्याच्या कोवळ्या काडीवर बसला आणि साल चघळायला लागला. मी म्हटलं, खा बाबा चार घास आणि चालू लाग. मला काय ठाऊक, की हा एकटा नाही. हा गच्च भरलेली गाडी आहे. त्याच्या अंगावर श्वास घ्यायची भोकं असतात ना, त्या भोकांच्या आत किडे दाटीवाटीनं बसले होते. दोऱ्याचा तुकडा असावा तसे, पण इतके बारीक की डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी दिसणार नाहीत. पुस्तकात त्यांना सूत्रकृमी म्हणतात. भुंगेरा जेवत होता आणि मागच्या मागे त्याचे प्रवासी उतरून माझ्या जखमेत शिरत होते.

शिरले ते कुठं, तर थेट माझ्या चिकाच्या नळ्यांत. माझं हत्यार जिथं ठेवलं होतं तिथंच त्यांनी बिऱ्हाड थाटलं. त्यांना दात नसतात. तोंडात एक पोकळ सुई असते. ती नळीच्या भिंतीत खुपसायची आणि आतला जिवंत रस ओढून घ्यायचा. खायचं, पुढं सरकायचं, अंडी घालायची. ऊन कडक असलं की आज अंड्यात असलेली पोर आठवडा सरायच्या आत स्वतः आई व्हायची. पोरांची पोरं, त्यांची पोरं. एका फांदीत मावेनात तसे खोडात उतरले. बाहेरून मी हिरवागार. पाखरं बसतायत, खारी पळतायत. आत माझ्या अंगाचं भुसकट होत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

आधी चीक आटला. मग पाणी वर चढेना. खाली मुळं ओल्या मातीत आणि वर शेंडा तहानलेला, असे हाल झाले माझे. सुयांसारखी पानं पिवळी पडली, मग तांबूस झाली, पण गळली नाहीत. मी मेलो आणि अंगावरचे कपडे तसेच राहिले.

मेलेल्याच्या दारातही गर्दी थांबत नाही, मित्रांनो. मरणाऱ्या झाडाचा वास भुंगेऱ्याच्या बायकांना बरोबर लागतो. एक आली, सालीला चीर पाडून अंडं घालून गेली. तिला चिकटवायला माझ्याकडे थेंबभर चीक नव्हता. अंड्यातून पांढरी, जाडसर अळी निघाली आणि माझ्या गाभ्यात बोगदा पाडत घुसली. पाठोपाठ निळी बुरशी आली. जिवंत लाकूड संपलं म्हणून ते सूत्रकृमी उपाशी मेले असतील असं वाटत असेल तुम्हाला. छे. त्यांनी बुरशी खायला सुरुवात केली. जिवंत होतो तोवर मला खाल्लं, मेल्यावर माझ्यावर जे उगवलं तेही सोडलं नाही. आणि थंडी आली तशी त्यांची नवी पोरं वेगळीच निपजली. जाड कातडीची, काही न खाणारी, नुसती वाट बघणारी. कशाची वाट? त्या अळीचा भुंगेरा होण्याची. त्यांची पुढची गाडी माझ्याच पोटात तयार होत होती.

मला तोडलं, चिरलं, ठोकळे केले. ज्या लाकडाची खोकी बनवून लांब पाठवायची असतात, ते आधी भट्टीत तापवावं लागतं, म्हणजे आतलं सगळं बिऱ्हाड मरतं. नियम साधा आहे. ठोकळ्याचा पार गाभा छप्पन्न अंश तापला पाहिजे आणि सलग अर्धा तास तसाच राहिला पाहिजे. त्यासाठी सगळ्यात जाड ठोकळ्याला भोक पाडून, तापमान मोजायची सळी खोल आत घालतात. मी मनातल्या मनात हुश्श केलं. म्हटलं, आता सुटलो.

भट्टीवाला गिरमिट घेऊन आला, माझ्याकडे बघितलं आणि गिरमिट खाली ठेवलं.

"का रे, पाड की भोक," मुकादम म्हणाला.

"भोक पाडलं की ठोकळा चिरतो. मग सुतार दिवसभर माझं डोकं खातो."

"मग सळी कुठं घालणार, माझ्या कानात?"

"दोन ठोकळ्यांच्या फटीत घालतो ना. गरम ते गरम. फटीत काय आणि पोटात काय."

मुकादमानं मान डोलावली आणि चहाला गेला. फटीतली हवा लगेच तापली. काटा छप्पन्नावर गेला, अर्धा तास थांबला, भट्टी बंद झाली. माझी कातडी भाजून निघाली होती, पण गाभा नुसता कोमट होता. अळीला थोडी गुंगी आली, मग तिनं कूस बदलली. बाहेर माझ्या पाठीवर तापलेल्या लोखंडाचा शिक्का उमटला. म्हणजे हे लाकूड निरोगी आहे, खुशाल कुठंही न्या.

मला एका मोठ्या खोक्याच्या बुडाला ठोकलं. खोक्यात एक नवीकोरी तांब्याची कढई होती, दोन माणसं आत बसतील एवढी. आम्ही ट्रकमधून निघालो, बरेच घाट चढलो, आणि एके सकाळी खोकं उतरलं तेव्हा मला वास आला. चिकाचा. ताज्या, जिवंत पाइनच्या चिकाचा. वर बघतो तर टेकडीभर पाइन उभे. माझी सगळी भावकी. माझ्या अंगातलं उरलंसुरलं पाणी आटलं.

त्या घरात तिघं होती. वहिनी, त्यांचे दीर आणि सासूबाई. टेकडी त्यांची होती आणि दुसरं काही त्यांचं नव्हतं. दीर, ज्यांना वहिनी भाऊजी म्हणायच्या, रोज झाडांच्या सालीला तिरकी खाच पाडून तिच्याखाली डबी अडकवायचे. डबीत थेंब थेंब चीक जमायचा. वहिनी तो खालच्या शेडमध्ये शिजवून राळ करायच्या. चौथं कुणी होतं तर ते शेडच्या वरच्या अंगाला उभं असलेलं सगळ्यात जुनं झाड. त्याला ते थोरली म्हणत. "मी लग्न होऊन आले तेव्हा ही आधीच घरात होती," वहिनी सांगायच्या, "माझी थोरली जाऊ आहे ती. आणि कामाला माझ्यापेक्षा वाघ." थोरलीच्या डब्या सगळ्यांच्या आधी भरायच्या.

खोकं उघडलं. कढईवर हात फिरवून झाल्यावर वहिनींची नजर माझ्यावर पडली.

"भाऊजी, हे लाकूड फेकू नका हं. शिक्क्याचं आहे. दारात बाक होईल."

"बाक करतो, पण त्यावर बसायचं कोण? तुम्ही तर दिवसभर कढईशी उभ्या."

"सासूबाई बसतील. आणि बसून तुमच्यावर लक्ष ठेवतील."

फळ्यांचा बाक झाला, ठोकळे त्याचे पाय झाले. मी एकटा उरलो. भाऊजी हे चाळिशी उलटलेलं, पण अंगात पोरकटपणा ठासून भरलेलं माणूस. वहिनींच्या चपलेत राळेचा गोळा ठेवणं, हे त्यांचं सकाळचं पहिलं काम. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि चाकूनं चेहरा कोरायला लागले. नाक झालं, तोंड झालं, एक डोळा झाला. दुसरा कोरायला घेणार तेवढ्यात सासूबाईंनी जेवायला हाक मारली, आणि तो राहिला तो राहिलाच. मला दोरी बांधून त्यांनी गुपचूप थोरलीच्या खोडावर लटकवलं, वहिनींच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल असं.

दुसऱ्या दिवशी वहिनी डबी काढायला आल्या, मान वर केली आणि समोर मी. डबी हातातून सुटली. झाडामागून खिदळल्याचा आवाज आला.

वहिनींनी शांतपणे डबी उचलली. "भाऊजी, तुमचा जुळा भाऊ सापडला वाटतं. नाक तेच आहे."

"रखवालदार ठेवलाय वहिनी. थोरलीच्या वाटेला कुणी जाणार नाही आता."

रखवालदार, मित्रांनो. पोटात चोरांची टोळी घेऊन मला तिजोरीलाच टांगलं होतं.

सुरुवातीला माझ्या पोटातली अळी लाकूड कुरतडायची, त्याचा कर्र कर्र आवाज बाहेर यायचा. भाऊजींनी एकदा कान लावला. "रखवालदाराच्या पोटात काहीतरी गुरगुरतंय. भूक लागली असेल," असं वहिनींना सांगून हसले. मग एक दिवस आवाज थांबला. भाऊजींनी पुन्हा कान लावला. "गेलं वाटतं जे काय होतं ते."

गेलं नव्हतं. आवाज होता तोवर भीती कमी होती हो. आवाज थांबला म्हणजे अळीनं माझ्या पोटात एक खोली केली आणि त्यात ती कोषात गेली. आणि मला ते कळायला लागलं जे कुणालाच ऐकू येत नव्हतं. माझ्या अंगभर पसरलेली ती जाड कातडीची पोरं त्या खोलीकडे सरकायला लागली. हजारांनी. खोलीच्या भिंतीला चिकटून बसली. कोष हळूहळू काळवंडला, पाय फुटले, मिशा फुटल्या. भुंगेऱ्यानं पहिला श्वास घेतला आणि भिंतीवरचे प्रवासी त्याच्या श्वासाच्या भोकांत चढले. गाडी भरली. आता तो बाहेर पडणार, चार पावलं चालणार, थोरलीच्या शेंड्यावर जाऊन कोवळी काडी चघळणार, आणि माझं जे झालं ते तिचं होणार. मग शेजारणीचं. मग टेकडीचं. मी तिच्या खोडाला टेकलेलो, तिचा चीक मला वासानं कळतोय, आणि मला ओरडता येत नाही. भाऊजींनी तोंड कोरून दिलं होतं, पण त्यातून आवाज थोडाच येणार.

भुंगेऱ्यानं बाहेरचा रस्ता कोरायला घेतला. कोणत्या बाजूला, सांगू? भाऊजींचा राहून गेलेला डोळा होता ना, बरोबर तिथं. आतून.

त्याच सकाळी खाली अंगणात, नवं चुलाण बांधून वाळल्यावर, कढईचं पहिलं काम चालू होतं. नवी कढई आधी नुसत्या पाण्यानं उकळून घेतात. चुलाण पेटलं होतं, पाणी तापत होतं. थोरलीवरून मला अंगण दिसायचं आणि बोलणं ऐकू यायचं. सासूबाई बाकावर बसल्या आणि बाक डुगडुगला.

"याचा एक पाय लांब आहे की माझी एक बाजू जड आहे?" त्या म्हणाल्या.

"तुमची बाजू कायम जडच असते आई," भाऊजी म्हणाले आणि करवत घेऊन आले. बाक आडवा केला, पायाच्या ठोकळ्याची एक चकती कापली. चकती जमिनीवर पडली.

"हे बघा, आतून रंग दिलाय कुणीतरी."

चकती निळसर होती आणि मधोमध भुशानं ठासलेला बोगदा होता. सासूबाईंनी ती हातात घेतली. बोगद्यातला भुसा नखानं उकरून बघितला.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"माझ्या माहेरी टेकडी होती अशीच. तुम्हाला सांगायचे ना मी."

"ती वाळली ती?"

"एका सालात. आधी चीक थांबला. मग झाडं तांबडी झाली, आणि पान गळेना. बाबांनी तोडली तर आतून हा असाच रंग. असाच बोगदा." त्यांनी चकती चुलाणात टाकली. "प्रत्येक निळ्या लाकडात ती कीड असते असं नाही. पण मी परत बघत बसणार नाही. हे सगळं जाळा."

"आई, शिक्का आहे त्याच्यावर," भाऊजी म्हणाले.

वहिनी कढईकडे बघत होत्या. पाणी कडेनं बुडबुडत होतं आणि मधे अजून शांत होतं. "शिक्का वरून मारलाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आतून कुणी बघितलंय?"

मग त्यांनी वेळ घालवला नाही. बाक मोडला, फळ्या गेल्या, पाय गेले. गाडीच्या चाकाला अडसर म्हणून लावलेला खोक्याचा तुकडा गेला, डब्या ठेवायची फळी गेली. वहिनींनी केरसुणीनं भुसासुद्धा गोळा करून आत टाकला. ऊन वर चढत होतं. भुंगेऱ्याला ऊन आवडतं, मित्रांनो. माझ्या डोळ्याच्या जागेजवळच्या चिरेतून आता बारीक पांढरा भुसा गळायला लागला होता. पाणी खळखळून उकळायला लागलं आणि खाली सगळ्यांनी श्वास सोडला.

"सगळं आलं?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळं. काडी शिल्लक नाही."

"नक्की?"

"अहो आई, खोकं माझ्या हातानं उघडलंय मी." भाऊजींनी हात झटकले. "चला, थोरलीला सांगून येतो, वाचलात म्हणावं. आणि रखवालदाराला..."

ते तिथंच थांबले. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं.

मला ते लाकूड म्हणून मोजतच नव्हते हो. मी गंमत होतो. खोक्याचं लाकूड शोधताना गंमत कोण शोधतं?

भाऊजी असे पळाले की एक चप्पल वाटेतच राहिली. माझ्याखाली आले, थोरलीच्या सालीवरचा भुसा बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा पोरकटपणा उतरला. त्यांनी तळहात माझ्या त्या जागेवर दाबला. आत भुंगेरा चघळत होता. त्याची थरथर त्यांच्या हाताला लागली असणार, कारण त्यांनी हात आणखी घट्ट दाबला. दुसऱ्या हातानं त्यांनी दोरी ओढली, गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडली. तळहात मात्र काढला नाही. तसेच उतारावरून आले, मला छातीशी धरून.

"वहिनी, जिवंत आहे. हाताखाली वळवळतंय."

"बाहेर आलंय?"

"नाही. पापुद्रा आहे अजून. चुलाणात टाकतो."

"नको. आग एका अंगानं लागेल आणि ते दुसऱ्या अंगानं पळेल. इकडे आणा." त्यांनी कढईतला झारा उचलला. "हात काढू नका. मी म्हणेन तेव्हा सोडा."

"भाजेल की मला."

"भाजू दे. चपलेत राळ ठेवताना नाही भाजत ते?"

भाऊजींचा हात माझ्यासकट पाण्यात गेला, वहिनींनी झारा माझ्यावर धरला तेव्हाच तो भाजलेला हात निघाला आणि मी आत राहिलो. ज्या कढईला मी घाट चढवून आणलं होतं, तिच्याच उकळत्या पाण्यात. वर येऊ बघत होतो, वहिनी झाऱ्यानं खाली दाबत होत्या. पोटातली चघळण एकदम जोरात झाली. मग हळू. मग थांबली. या वेळचं थांबणं खरं होतं.

"झालं बहुतेक," भाऊजी म्हणाले.

"राळ शिजवताना मी बहुतेक म्हणते का कधी? बाहेरचं तापलं म्हणजे मधलं शिजलं असं नाही." आणि त्यांनी मला दुपार कलेपर्यंत उकळत ठेवलं. गाभ्यापर्यंत. भट्टीवाल्यानं टाळलेलं काम एका कढईनं केलं.

पुढचे दिवस त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. दुसरा एखादा भुंगेरा आधीच कुठल्या ठोकळ्यातून निसटला असेल तर? रोज सकाळी तिघंही थोरलीपाशी जायची. भाऊजी नवी खाच पाडायचे आणि तिघं त्या खाचेकडे टक लावून उभी राहायची. सालीखाली आधी नुसती ओल दिसायची, मग एक मणी फुगायचा, लोंबायचा आणि टपकन डबीत पडायचा. तेव्हा कुठं सासूबाई खाली यायला वळायच्या. उन्हाळा गेला, पुढचा आला आणि गेला. मणी पडत राहिला. एके सकाळी वहिनींच्या चपलेत राळेचा गोळा निघाला, तेव्हा मला कळलं की घर सावरलं.

मलाही जाळणार होते. सासूबाई म्हणाल्या, "हा राहू दे. दाराशी ठेवा. दारातून लाकूड आत येताना आधी याचं तोंड दिसू दे." तेव्हापासून मी इथं आहे. कुणी परक्या डोंगरावरची मोळी आणली, खोकं आणलं, कितीही सुंदर शिक्का असला, तरी वहिनी आधी एक तुकडा कापून आतून बघतात.

तुम्हालाही माझं तेवढंच मागणं आहे, मित्रांनो. एका टेकडीचं सरपण दुसऱ्या टेकडीवर नेऊ नका. लाकूड तापवायचं तर गाभ्यापर्यंत तापवा, फटीतल्या हवेवर खूश होऊ नका. आणि उन्हाळ्यात एखादा पाइन उभ्या उभ्या तांबडा झाला, तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका, मोठ्या माणसांना सांगा.

माझ्या डोळ्याच्या जागेवर टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. कागदाएवढा पापुद्रा आहे, आणि त्याच्यामागे तो मिशा दुमडून बसलाय, आपल्या सगळ्या प्रवाशांसकट. भाऊजींच्या तळहातावर अजून भाजल्याचा डाग आहे. कधीतरी जाता-येता ते खाली वाकतात, तो तळहात तिथं टेकवतात, काही हलत नाही ना ते बघतात आणि कामाला जातात.